पाण्याखालचं पारितोषिक

पुरस्कारासाठी पुस्तक लिहू नये, असं सांगणाऱ्यांच्या दिवाणखान्यात बहुधा काचेचं कपाट असतं आणि त्यात नवीन काही ठेवायला जागा नसते. आमच्याकडेही काचेचं कपाट आहे. त्यात जागाच जागा होती, म्हणून हिने तिथे लोणच्याच्या बरण्या मांडल्या. येणारे-जाणारे त्यांच्याकडे कौतुकाने पाहायचे, ‘घरचं का?’ म्हणून विचारायचे. माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाची काळी बांधीव प्रत त्याच कपाटात, बरण्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभी होती. ती घरचीच होती. पण तिच्याबद्दल कधी कुणी काही विचारलं नाही.

वास्तविक विचारण्याजोगा विषय होता. धुळे जिल्ह्यात पांझरेवर आणि आसपासच्या नद्यांवर, तिकडे नाशिक जिल्ह्यात मोसमच्या काठी, तीन-चारशे वर्षं शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेली पाणीव्यवस्था आहे. तिला फड म्हणतात. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून काढलेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे पाडलेले फड. एका फडात एका वेळी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस, त्या फडात भात. पुढच्या खेपेला फिरवाफिरव. शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात असतो, म्हणून एकाच्या नशिबी नुसता ऊस आणि दुसऱ्याच्या नशिबी नुसती ढेकळं, असं होत नाही. नदीला पाणी कमी असलं तर एखादा फड पडीक ठेवायचा, तोही सगळ्यांनी बसून ठरवून. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांच्यावर हवालदार. पुढे वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर मोटरी बसल्या आणि फड मोडत गेले. काही ठिकाणी अजून चालू आहेत.

या विषयावर मी साडेतीनशे पानं लिहिली. एवढी का लागली, याचं उत्तर अमेरिकेत आहे. 1968 मध्ये गॅरेट हार्डिन नावाच्या जीवशास्त्रज्ञाने एक निबंध लिहून सांगितलं होतं की गायरान सगळ्यांचं असलं की प्रत्येक जण एक जनावर जास्त सोडतो आणि शेवटी गवत संपतं. उपाय दोनच धरले गेले: एक तर सरकारने ताब्यात घ्या, नाही तर वाटून खासगी करा. अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. मग एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 मध्ये एक पुस्तक काढलं आणि स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल गावची कुरणं, जपानी खेड्यांची राखलेली रानं, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे पाट दाखवून म्हटलं की बाबांनो, लोक शेकडो वर्षं हे सांभाळतायत, जरा जाऊन बघा. असल्या व्यवस्था कशामुळे टिकतात याची आठ सूत्रं त्यांनी काढली. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तोपर्यंत ते एकाही बाईला मिळालेलं नव्हतं. त्या व्हॅलेन्सियात आजही दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दारात पाण्याचं न्यायालय बसतं. न्यायाधीश शेतकरीच. सगळा निवाडा तोंडी. युनेस्कोने हे न्यायालय मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातलं, तेही 2009 मध्येच.

ऑस्ट्रॉमबाईंची बहुतेक सूत्रं आमच्या फडाला लागू पडतात, हे मी साडेतीनशे पानांत सिद्ध केलं. एका म्हाताऱ्या पाटकऱ्याने तेच मला बांधावर बसून, एक बिडी संपेपर्यंत सांगितलं होतं. पण बिडीला पीएच.डी. मिळत नाही.

इथपर्यंत मी निरुपद्रवी माणूस होतो. बिघाड झाला तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीमुळे. प्राध्यापकाला वरच्या श्रेणीत जायचं असेल तर संशोधनाचे गुण लागतात आणि त्यांचा एक तक्ता आहे. आंतरराष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या पुस्तकाला 12, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला 10, संपादित ग्रंथातल्या एका प्रकरणाला 5. आणि त्याच तक्त्यात खाली: पुरस्कार, आंतरराष्ट्रीय 7, राष्ट्रीय 5. जिल्हास्तरीय पुरस्काराचा उल्लेखही नाही. म्हणजे रोटरीवाल्यांनी दिलेला नारळ आणि शाल यांचं पुढे काय करायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं. तक्ता मी प्राध्यापक-कक्षातल्या टेबलावर पसरून बसलो होतो. वाणिज्य शाखेचे सहकारी मागून आले, चष्मा वर करून त्यांनी बेरीज केली आणि म्हणाले, ‘‘सर, बारा आणि सात एकोणीस. तुम्ही उगाच पेपर लिहीत बसलात.’’

त्याच आठवड्यात परदेशातून मेल आला. तुमचा प्रबंध आमच्या नजरेस पडला, तो जगापुढे यावा अशी आमची तीव्र इच्छा आहे, वगैरे. माझा प्रबंध माझ्या घरातल्यांच्या नजरेस पडत नव्हता, तो युरोपातल्या एका प्रकाशकाच्या पडला, हे वाचून मला भरून आलं. त्यांनी पैसे मागितले नाहीत. हस्तलिखितही वाचलं नाही. मी इंग्रजी फाइल पाठवली आणि अल्पावधीत पुस्तक तयार झालं. मुखपृष्ठावर एक हिरवंगार शेत होतं, त्यात ट्यूलिप होते. किंमत 74 युरो. मी हिला ती रुपयांत करून सांगितली. ती म्हणाली, ‘‘अहो, एवढ्यात तर आपल्या बंबाचं कॉइल बदलून होईल आणि वर पैसे उरतील.’’ लेखकाला फुकट मिळणारी प्रत ही पीडीएफ होती. छापील प्रत हवी असेल तर मी, लेखक, ती थोड्या सवलतीत विकत घेऊ शकत होतो. घेतल्या. पांझरेच्या पाण्याविषयीचं पुस्तक युरोपात छापून विमानाने मुंबईला आणि तिथून धुळ्याला आलं. आतला मजकूर मात्र धुळ्याहूनच गेलेला होता.

बारा गुण खिशात पडले. आता सात हवे होते.

शोध घेतला तेव्हा कळलं की अशा विषयांवरच्या विद्वत्तापूर्ण पुस्तकांना बक्षीस देणाऱ्या संस्था जगात आहेत आणि भल्या आहेत. इंटरनॅशनल स्टडीज असोसिएशनचा हॅरॉल्ड आणि मार्गारेट स्प्राउट पुरस्कार आहे. तो सुरू झाला 1972 मध्ये. म्हणजे स्टॉकहोमला पर्यावरणावरची जागतिक परिषद भरली होती आणि आपल्याकडे लोक दुष्काळी कामांवर खडी फोडत होते, त्या वर्षी. अमेरिकन पोलिटिकल सायन्स असोसिएशनच्या एका विभागाचा पुरस्कार लिंटन कीथ कॉल्डवेल यांच्या नावाचा आहे. मोठा प्रकल्प उभारण्याआधी त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अहवाल मागायची जी रीत आज आपल्याकडेही आहे, तिच्या जनकांपैकी हे एक गृहस्थ. अमेरिकेच्याच इकॉलॉजिकल सोसायटीचा सस्टेनेबिलिटी सायन्स अवॉर्ड निसर्ग आणि समाज या दोन्हींचा अभ्यास एकत्र बांधणाऱ्या लेखनाला दिला जातो; लेख चालतो, पुस्तकही चालतं.

स्प्राउट पुरस्काराचे निकष मी वाचले. सिद्धांतात भर हवी. होती, निदान जाडी होती. अनेक विद्याशाखांची सांगड हवी. होती, मी इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र आणि एका ठिकाणी ज्योतिष (नक्षत्रांच्या पाण्यासंबंधी) असं सगळं घेतलं होतं. काटेकोरपणा हवा. तळटीपा मोजायच्या झाल्या तर माझ्याइतका काटेकोर माणूस खानदेशात नसेल. शेवटचा निकष होता सुलभता आणि प्रत्यक्ष व्यवहारात उपयोग. इथे मी जरा खाकरलो. माझ्या पुस्तकातलं पहिलं वाक्य पहिल्या पानावर सुरू होतं आणि दुसऱ्या पानावर त्याला क्रियापद भेटतं. मार्गदर्शकांनी ते वाचून ‘भारदस्त’ असा शेरा दिला होता.

अशा पुरस्कारांचा बहुधा एक साधा नियम असतो: प्रत्येक परीक्षकाला पुस्तकाची एकेक प्रत थेट पाठवायची. परीक्षक जगभर विखुरलेले. मी पाकिटं बांधून मुख्य टपाल कार्यालयात गेलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, ‘‘आत काय?’’

‘‘पुस्तक.’’

‘‘कशाचं?’’

‘‘शाश्वत विकासाचं.’’

‘‘कस्टमच्या फॉर्मवर किंमत लिहा. खरी लिहा.’’

मी खरी लिहिली. बाईंनी फॉर्म पाहिला, पाकीट हातात घेऊन त्याचं वजन अजमावलं, माझ्याकडे पाहिलं आणि ‘‘बसा जरा’’ म्हणून आत गेल्या. येताना साहेबांना घेऊन आल्या. साहेबांनी पाकीट उघडायला लावलं. एवढ्याशा पुस्तकाची एवढी किंमत, तेव्हा पानांच्या मध्ये काही तरी असणार, असा त्यांचा रास्त संशय. पानं उलटून उलटून पाहिली. कुठे काही सापडेना, तसे ते जास्तच अस्वस्थ झाले. शेवटी मी मुखपृष्ठामागचा माझा फोटो दाखवला. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाले, ‘‘असू द्या, बांधा. सर आहेत.’’ टपालखर्चाचा आकडा मी घरी सांगितला नाही; पावती मी पुस्तकातच, पाणीपट्टीच्या प्रकरणात ठेवून दिली.

रात्री सहज डोक्यात आलं की हे पुस्तक आतापर्यंत जितका प्रवास करून चुकलंय तितका त्याच्या लेखकाने सगळ्या जन्मात केलेला नाही. त्याच्या नवव्या प्रकरणात विमानप्रवासाने होणाऱ्या कर्बउत्सर्जनावर मी अत्यंत कडक शब्दांत टीका केली आहे.

कालांतराने नम्र, सुबक उत्तरं आली. प्रवेशिका पुष्कळ होत्या, स्पर्धा चुरशीची होती, आपल्या कार्याला शुभेच्छा. जिंकलेल्यांपैकी एक पुस्तक मी मुद्दाम मिळवून वाचलं. ते चांगलं होतं. हरलेल्या लेखकाला याहून वाईट बातमी देता येत नाही.

मी पुन्हा तळटीपांकडे वळणार, तेवढ्यात दिल्लीहून फोन आला. आवाज गोड, हिंदी अस्खलित. शाश्वत विकासातल्या ग्रंथलेखनासाठी माझी निवड झाली होती. निवड कुणी केली, हे विचारायला मी तोंड उघडलं, तर ‘‘ज्यूरी’’ असं उत्तर आधीच आलं. 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 2030 पर्यंत गाठायची 17 उद्दिष्टं ठरवली. त्यांच्या पोटात 169 लक्ष्यं आहेत. तर त्या संस्थेनेही 17 गट पाडले होते आणि प्रत्येक गटात, ‘‘सर, बहुत लिमिटेड’’, विजेते होते. मला फक्त नोंदणीशुल्क भरायचं होतं. त्यात सन्मानचिन्ह, प्रमाणपत्र, फेटा, व्यासपीठावरचा फोटो आणि एका माणसाचं जेवण येत होतं. सपत्नीक आल्यास जेवणाचे वेगळे.

‘‘हा राष्ट्रीय पुरस्कार आहे की आंतरराष्ट्रीय?’’ मी विचारलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग गोड आवाज म्हणाला, ‘‘आपको कौन सा चाहिए, सर?’’

आंतरराष्ट्रीयचं शुल्क जास्त होतं, कारण त्यात शेजारच्या एका देशातून एक पाहुणे यायचे होते. दोन गुणांचा फरक. मी तो फरक भरला. एका गुणाला किती रुपये पडले, याचा भागाकार मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक असूनही केला नाही. हिला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, ‘‘म्हणजे बक्षीस तुम्ही त्यांना देताय?’’ पाणी, पाटकरी आणि पंच यांचे सूक्ष्म परस्परसंबंध उलगडून दाखवणाऱ्या संशोधकाला घरात असं ऐकून घ्यावं लागतं.

धुळ्याहून एस.टी.ने जळगाव, जळगावहून रेल्वेने दिल्ली. विमानतळाजवळच्या एका हॉटेलात समारंभ. दारातच माझ्या गळ्यात ओळखपत्र घातलं गेलं. त्यावर लिहिलं होतं: उद्दिष्ट 14.

मला उद्दिष्टं तोंडपाठ आहेत. ती माझ्या परिशिष्टात आहेत. शुद्ध पाणी आणि स्वच्छता म्हणजे उद्दिष्ट 6. उद्दिष्ट 14 म्हणजे पाण्याखालचं जीवन: समुद्र, प्रवाळ, मासे. धुळ्यापासून समुद्र दोनशे किलोमीटरच्या वर आहे आणि तो मी उभ्या आयुष्यात कमरेइतक्या पाण्यापलीकडे पाहिलेला नाही. मी संयोजकांना गाठलं. ते घाईत होते. उद्दिष्ट 6 कधीच भरलं होतं; त्याला फार मागणी. ‘‘पानी तो पानी है, सर,’’ असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला माशांच्या रांगेत बसवलं.

माझ्या डावीकडे मत्स्यालयाच्या टाक्या विकणारे एक सज्जन होते. त्यांचा पुरस्कार खरोखर योग्य गटात पडला होता आणि ते मनापासून खूश होते. उजवीकडच्या बाई ब्यूटी पार्लरवाल्या. त्या समुद्री मीठ वापरतात. उद्दिष्ट 6 च्या रांगेत सगळ्यात पुढे, सर्वांत मोठा फेटा बांधून, बोअरवेल खोदणाऱ्या कंपनीचे मालक बसले होते. जमिनीतलं पाणी किती खोल गेलंय आणि ते आणखी किती खोलवरून काढता येतं, याबद्दल त्यांचा गौरव होता. ऑस्ट्रॉमबाईंची आठही सूत्रं मनातल्या मनात म्हणत मी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्यांनीही नंतर माझ्यासाठी वाजवल्या. माणूस दिलदार होता.

सभागृह इतकं थंड होतं की फेटा उपयोगी पडला. प्रत्येक खुर्चीवर पाण्याची पाव लिटरची प्लॅस्टिकची बाटली. कुणी दोन घोट घेत होतं, कुणी चार, आणि उरलेलं तिथेच ठेवून जेवायला जात होतं. पाटावर पाण्याची अशी नासाडी करणाऱ्याला पंचांनी दंड केला असता. पुष्पगुच्छ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. महाराष्ट्रात 2018 पासून प्लॅस्टिकबंदी आहे हे मी शेजारच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘ये दिल्ली है.’’ प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि पृथ्वीकडे फार वेळ उरलेला नाही या विषयावर फार वेळ बोलले. शेजारच्या देशातले पाहुणे आले होते. ते आठ वर्षांपासून नोएडात राहतात, हे मला जेवताना कळलं.

मग नावं पुकारली जाऊ लागली आणि लग्नातल्या शेवटच्या पंगतीला उडते तशी घाई उडाली. एक वर चढतोय, एक उतरतोय, फेटा त्याच्या डोक्यावरचा याच्या डोक्यावर. माझं नाव आलं तेव्हा मागच्या पडद्यावर देवमासा पोहत होता. सन्मानचिन्ह हातात पडलं: पारदर्शक प्लॅस्टिकचा पृथ्वीचा गोळा, खाली लाकडी बैठक, त्यावर माझं आडनाव. आडनाव माझं नव्हतं, पण अगदी जवळचं होतं. गुजराती वाटत होतं. छायाचित्रकार म्हणाला, ‘‘स्माइल, सर.’’ मी केलं. त्या फोटोत मी आणि देवमासा दोघंही हसतोय. त्याचं जास्त नैसर्गिक आहे.

परतीच्या प्रवासात इटारसीच्या आसपास पृथ्वी बैठकीपासून सुटली आणि बर्थखाली घरंगळत गेली. समोरच्या बाकावरच्या लहान मुलाने ती शोधून काढली आणि परत द्यायला मात्र तयार होईना. शेवटी केळ्यावर सौदा झाला.

हे सगळं गुपचूप कपाटात, बरण्यांच्या शेजारी जाऊन बसलं असतं. पण आमच्या संस्थेला दुसऱ्याच्या यशाचा आनंद फार होतो. महाविद्यालयाच्या फाटकावर मोठा फ्लेक्स लागला: मी, फेटा, गोळा आणि मागे तो देवमासा. गावच्या वार्ताहराने प्रमाणपत्र पाहून बातमी केली की मत्स्यजीवनावरील मौलिक संशोधनाबद्दल स्थानिक प्राध्यापकांचा आंतरराष्ट्रीय गौरव. मी खुलासा पाठवला. तो छापून आला, पण त्यात शुद्धलेखन सुधारलं होतं. मासे तसेच होते.

दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले. खानदेशात शेततळी पुष्कळ. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना 2016 मध्ये आली. खड्डा खणायचा, प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा आणि पावसाचं पाणी साठवायचं, हा हेतू. पुष्कळ ठिकाणी ते तळं विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरतात. म्हणजे जमिनीखाली थंड सावलीत असलेलं पाणी वर काढून उन्हात वाळत घालतात. यावर माझ्या पुस्तकात, सातव्या प्रकरणात, चांगली वीस पानं आहेत. पण येणाऱ्यांना ती नको होती. त्यांना विचारायचं होतं की त्या तळ्यात कटला सोडावा की रोहू, बीज कुठून आणावं, आणि एका गुंठ्यात किती बोटुकली मावतात. ‘‘सर, तुम्हाला बाहेरच्या देशाचं बक्षीस आहे, तुम्ही नाही सांगणार तर कोण सांगणार?’’ मी म्हणायचो, माझा विषय पाण्याचा आहे. ते म्हणायचे, मासे पाण्यातच असतात. या युक्तिवादापुढे दिल्लीतही मी हरलो होतो. शेवटी मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयाचा पत्ता एका कागदावर लिहून त्याच्या झेरॉक्स मी दारात ठेवल्या. व्यवहारातला उपयोग या निकषावर माझ्या हातून झालेलं हे एकमेव लेखन.

मग श्रेणीवाढीची छाननी समिती बसली. विषयतज्ज्ञ मॅडम बाहेरच्या विद्यापीठातून आल्या होत्या. त्यांनी फाइल हळूहळू चाळली. सगळी फाइल वाचणारा माणूस मी प्राध्यापकीत प्रथमच पाहत होतो आणि ते मला आवडलं नाही.

‘‘सर, हा पुरस्कार समुद्री जीवनासाठी दिसतो. तुमचं काम धुळे जिल्ह्यातलं आहे ना?’’

‘‘मॅडम, पांझरा तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला.’’

भूगोलाच्या दृष्टीने यात एक अक्षर खोटं नव्हतं. मॅडमनी ते टिपून घेतलं. हसल्या नाहीत. पान उलटलं. प्रमाणपत्राला मागे शुल्काची पावती टाचलेली होती. कागदपत्रं पूर्ण हवीत म्हणून आमच्या कार्यालयातल्या लिपिकाने ती निष्ठेने जोडली होती. नोंदणीशुल्क, एका व्यक्तीचं जेवण, आंतरराष्ट्रीय श्रेणीचा अधिभार आणि त्या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी.

‘‘पुरस्कारावर जीएसटी?’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘हो. सेवा आहे ना ती,’’ समितीतले दुसरे सदस्य सहानुभूतीने म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत मला काहीतरी ओळखीचं दिसलं. यांच्याही घरी गोळा असणार.

पुरस्काराला शून्य गुण मिळाले. पुस्तकाला मात्र पूर्ण 12. हे पुस्तक युरोपातल्या ज्या संकेतस्थळावर विकायला आहे तिथून माझ्याखेरीज कुणी ते घेतल्याचा पुरावा नाही, पांझरेच्या काठावर ते परवडणारा माणूस नाही, मुखपृष्ठावर ट्यूलिप आहेत. पण प्रकाशक आंतरराष्ट्रीय आहे, हे कुणालाच नाकारता आलं नाही. आधीच्या पेपरांचे गुण मिळवले तर बेरीज पुरत होती. बढती मिळाली. पुरस्काराची गरज मुळातच नव्हती. हे वाणिज्य शाखेच्या सहकाऱ्यांनी पुन्हा एकदा बेरीज करून दाखवलं, आणि या वेळी सावकाश केली.

वाढलेल्या पगाराचा पहिला हप्ता मी पुस्तकाच्या मराठी आवृत्तीत घातला. धुळ्यातच छापून घेतली, तीनशे प्रती. वाक्यं तोडली, पहिल्या वाक्याची सहा झाली. ट्यूलिप काढून बंधाऱ्याचा फोटो टाकला. या उद्योगात मला एक नवी माहिती मिळाली. आयएसबीएन हा क्रमांक आपल्याकडे राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी संस्था देते आणि फुकट देते. मी आजवर तो मिळवून देण्याचे पैसे घेणारी माणसं पाहिली होती. दुसरी माहिती अधिक सुखाची: 1954 च्या एका कायद्यानुसार देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या एकेका ग्रंथालयाला प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवावी लागते. म्हणजे चार महानगरांत माझं पुस्तक मागितलं तर ‘नाही’ म्हणायची कुणाची प्राज्ञा नाही. अजून कुणी मागितलेलं नाही.

एक प्रत पाटकरी आजोबांना दिली. त्यांच्या नातवाने त्यांना फडाचं प्रकरण वाचून दाखवलं. आजोबांनी ऐकून घेतलं, दोन ठिकाणी मान हलवली. मग मी, जरा आडून, पुरस्काराची गोष्ट काढली. माहिती तुमची आणि बक्षीस मला, हे बरोबर नाही, वगैरे बोललो. त्यांनी विचारलं, ‘‘किती रुपये दिले त्यांनी?’’ मी म्हटलं, दिले नाहीत, घेतले. त्यांनी बिडी विझवली आणि म्हणाले, ‘‘मग असू द्या तुमच्याकडेच.’’

खरे पुरस्कार देणाऱ्या संस्थांबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. तिथले परीक्षक पुस्तकं वाचतात, म्हणूनच माझं नापास झालं. फक्त त्यांच्या नियमांत एका कलमाची भर पडावी असं वाटतं. ज्या गावाच्या पाण्यावर, रानावर, कुरणावर पुस्तक लिहिलंय त्या गावच्या निदान एका वाचनालयात ते लोकांच्या भाषेत ठेवलेलं असल्याशिवाय प्रवेशिका घेऊ नये. परीक्षकांना विमानाने प्रती धाडण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडेल, आणि बरेचसे लेखक तिथेच गळतील. मीही गळलो असतो.

मराठी आवृत्तीच्या बऱ्याच प्रती शिल्लक आहेत. तुमच्या गावात सार्वजनिक वाचनालय असेल, ‘अ’ वर्गाचं असो की ‘ड’, तर ग्रंथपालांना जरूर सांगा. प्रत मोफत पाठवीन, टपालखर्च माझा. फडाच्या पाण्यावर ज्याला काही विचारायचं असेल त्याने खुशाल विचारावं. माशांबद्दल विचारू नये. आणि पुरस्कारासाठी निवड झाल्याचा फोन कृपया कुणी करू नये. कपाटात आता खरोखरच जागा नाही, या वर्षी कैरीचं लोणचं जास्त घातलंय.